आईच्या टाचेवरचं तेल

आमच्या घरी ती वस्तू आली तेव्हा तिला काय म्हणायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मुठीत मावेल एवढी, खाली गॅस भरायची छोटी टाकी, वर बोटभर नळी आणि अंगठ्याखाली येईल असा खटका. खटका दाबला की नळीच्या तोंडाशी निळी, टोकदार ज्योत उभी राहायची आणि फर्रर्र असा आवाज सुरू व्हायचा. खटका सोडेपर्यंत तो थांबायचा नाही. पुढच्या दोन खोल्यांत रिक्षावाले रज्जाकभाई राहायचे, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि मधल्या अंगणात दोन्ही घरांचा मिळून एक नळ. रज्जाकभाईंचा धाकटा भाऊ शारजाला कामाला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा अत्तराच्या बाटल्या आणि जाड ब्लँकेटं यांच्याबरोबर हेही घेऊन आला. रज्जाकभाईंच्या आईनं ती ज्योत एकदाच पाहिली आणि ही बला घरात नको म्हणून हटून बसली. मग रज्जाकभाई ती घेऊन आमच्या दारात आले आणि अण्णांच्या हातात देत म्हणाले, "मिस्तरी, ये तुमारेच कामकी चीज है. हमारे घरमें रही तो अम्मा इसकूबी भार फेकती और मेरेकूबी."

अण्णा म्हणजे माझे वडील. टेंभुर्णीला असताना त्यांचं चौकात सायकली आणि शेतातले पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. मी तिथल्याच शाळेतून दहावी झाले आणि पुढं शिकायचं म्हणाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत तोवर कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. एका पोरीसाठी कुणी चालतं दुकान बंद करतं का, म्हणून लोकांनी अण्णांना वेड्यात काढलं. अण्णांनी कुणाशी वाद घातला नाही. दुकान मोडलं, हत्यारांची पेटी उचलली आणि आईला आणि मला घेऊन सोलापूरला शुक्रवार पेठेत आले. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात त्यांना जॉबर म्हणून काम मिळालं. जॉबर म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. आईनं आल्या आल्या एका खानावळीला कडक भाकरी करून द्यायचं काम धरलं. माझी पदवी या दोघांनी आपलं बसलेलं बस्तान मोडून मला मिळवून दिली आहे. कुठं चार शब्द बोलायची वेळ आली तर मी हे आधी सांगते.

त्या वस्तूचं नाव आईनं ठेवलं. ज्योतीचा तो फुत्कार आणि ती निळी जीभ पाहून ती म्हणाली, ही तर सापीणच की. तेव्हापासून ती आमच्या घरात सापीण झाली. अण्णा लायटरमध्ये भरायच्या गॅसचा डबा बाजारातून आणायचे, तो उलटा धरून तिच्या बुडाशी टेकवायचे, आणि पोट भरलं की ती पुन्हा कामाला लागायची. आणि कामं तरी किती. वांगी भाजायला चूल मोकळी नसायची, तेव्हा अण्णा देठाला धरून वांगं फिरवत फिरवत सापिणीनं असं भाजायचे की साल कागदासारखं सुटून यायचं. रविवारी बकऱ्याचे पाय आणले की त्यांवरचे केस जाळायचं काम तिचं. तो वास अंगणभर व्हायचा आणि रज्जाकभाई पुढच्या खोलीतून ओरडून विचारायचे, मिस्तरी, दावत कितने बजे. नाड्यांची टोकं उसवू नयेत म्हणून ती वितळवून बंद करायची, वाळत घालायची नायलॉनची दोरी तोडली की तिचंही तसंच. गंजून बसलेला नट तापवून सैल करायचा. माझ्या चपलेचा अंगठा तुटला तर खिळा तापवून तो चिकटवायचा. कोळशाच्या इस्त्रीतले कोळसे फुलवायचे. लोखंडी कॉटच्या सांध्यांत ढेकूण झाले तेव्हा अण्णांनी एक अख्खी दुपार प्रत्येक सांध्यावरून ज्योत फिरवली. शेजारच्या बायकाही आपापल्या कॉट अंगणात आणून ठेवायला लागल्या. त्या दिवशी अण्णा इतके खुशीत होते की संध्याकाळी ते आईला म्हणाले, माग दुरुस्त करायचं सोडून आता ढेकणांचं दुकान टाकतो.

परवा माझ्या सुनेनं तसंच एक यंत्र मागवलं. खोक्यातून आलं, गुलाबी रंगाचं, पकडायला रबर लावलेलं. वाटीतल्या गोड पदार्थावर साखर पसरून तिनं वरून ज्योत फिरवली. साखर वितळली, तांबूस झाली, कडक झाली. नातू टाळ्या पिटायला लागला. सून म्हणाली, आई, बघा ना किती छान. मी छान आहे म्हणाले आणि गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे काढायला लागले. कपडे ओलेच होते. मुलाला यातलं थोडं ठाऊक आहे, सुनेला काहीच नाही. तिला सांगायचं म्हणूनच खरं तर हे प्रकरण मी लिहायला घेतलं.

आमची मागची पडवी म्हणजे आईचं राज्य. तिथं पत्र्याखाली तिची चूल होती. पहाटेच्या पहिल्या थापटीनं मला जाग यायची आणि ती थपथप मी कॉलेजला निघेपर्यंत चालायची. ज्वारीची भाकरी ती इतकी पातळ थापायची की उजेडाला धरली तर पलीकडची बोटं दिसावीत. तव्यावर भाजून झाली की चुलीभोवती ती उभी करून ठेवायची, एकीला एक टेकून, आणि निखाऱ्याच्या धगीनं त्या हळूहळू वाळून कडक व्हायच्या. भाकरी पुरती वाळली की नाही हे आई नखानं टिचकी मारून आवाजावरून ओळखायची. आम्हाला मोडक्या भाकरी मिळायच्या. त्या चुरून वर आमटी ओतायची, शेंगाची चटणी घ्यायची, चटणीवर तेलाची धार. असं जेवण मी नंतर पुष्कळ ठिकाणी मागून पाहिलं. चटणी मिळते. त्या भाकरीचा तो कट् असा आवाज मिळत नाही.

आई दिवसभर अनवाणी शहाबादी फरशीवर असायची. फरशी थंड, समोर चूल गरम, मध्येच नळावर जाऊन पाय ओले. थंडी सुरू झाली की तिच्या टाचा फुटायच्या. साध्या भेगा नव्हत्या त्या. चाकूनं कापल्यासारख्या खोल, कडेनं काळ्या आणि आत लाल. चालताना ती टाच उचलून चवड्यावर चालायची आणि तरी फरशीवर कुठं कुठं रक्ताचे ठिपके उमटायचे. यावर आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या चालत आलेला उपाय एकच, कोकमाचं तेल. वाण्याकडं त्याचे पांढरे, अंड्याएवढे गोळे मिळायचे. गोळ्याचा तुकडा पळीत घालून तापवायचा, पातळ झाला की गरम गरम थेंब भेगेत सोडायचा. तो आत जाऊन गोठतो आणि भेग बुजते. थंड तेल वर वर राहतं, गरम तेल मुळाशी जातं, असं आमच्याकडं सगळे मानायचे. माझी आजीही तेच करायची आणि तिच्या शेजारणीही तेच करायच्या.

आमच्या घरी हे काम अण्णांचं होतं. दुसऱ्या कुठल्या घरी नवऱ्यानं बायकोचे पाय मांडीवर घेतलेले मी त्या काळी पाहिले नाहीत. कामावरून आल्यावर ते हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे, मग आई पडवीच्या उंबऱ्यावर बसायची आणि ते खाली पाटावर. आपल्या मांडीवर जुना टॉवेल टाकून तिचा पाय त्यावर घ्यायचे. पळीत तेलाचा तुकडा, पळीखाली सापीण. तेल पातळ झालं की ते पहिला थेंब सोडायचे आणि विचारायचे, "लागतंय का?" आई स्स्स करून पाय आखडायची. ते पळी बाजूला धरून फुंकर घालायचे, जरा थांबायचे, पुन्हा एक थेंब. असं करत करत आई बरं आहे म्हणेपर्यंत तेल निवलेलं असायचं, आणि मग ते सगळ्या भेगा भरून काढायचे. तेल किती गरम हवं याचं माप त्यांच्याकडं एकच होतं, आईचं ते स्स्स. रज्जाकभाई नळावर आले तर आई लाजून पाय ओढून घ्यायला बघायची. अण्णा पाय सोडायचे नाहीत. रज्जाकभाई पाठ करून पाणी भरत म्हणायचे, "भाबी, हमारी घरवालीकू मत बोलना. कल मेरेकूबी बिठाइंगी."

माझं बी. ए. चं शेवटचं वर्ष होतं. त्या वर्षी आईचं एक विचित्र चाललं होतं. नळावरून ती आत यायची आणि तिच्या एकाच पायात चप्पल असायची. दुसरी अंगणात कुठंतरी पडलेली. आम्ही हसायचो. आईही हसायची आणि म्हणायची, माझी चप्पल माझ्यापरीस शानी हाय, ती आराम करती. एकदा तिच्या तळव्यात एक बारीक खिळा रुतलेला मी पाहिला. पाहिला म्हणजे ती पाय धूत होती तेव्हा मला दिसला. तिला ठाऊकच नव्हतं. तिनं तो उपटला, फेकला आणि पीठ मळायला बसली. गल्लीत पूर्वी कधीतरी तपासणीचं शिबीर झालं होतं, तिथं तिला थोडी साखर आहे असं सांगितलं होतं. त्यावर तिनं चहातली साखर बंद केली आणि तिच्या लेखी तो विषय मिटला. साखरेनं पायातली जाण जाते, हे आमच्या घरात कुणीही, कधीही ऐकलेलं नव्हतं. मी इतकी वर्षं कॉलेजात शिकत होते, मलाही ते कुणी सांगितलं नव्हतं.

थंडी पडली, टाचा फुटल्या आणि एका संध्याकाळी अण्णा पाटावर बसले. मी आत दिव्याखाली वाचत होते, दोघांचं बोलणं मला ऐकू येत होतं. अण्णांनी पहिला थेंब सोडला आणि विचारलं. आई म्हणाली, न्हाय लागत. त्यांनी पळी पुन्हा ज्योतीवर धरली. पुन्हा थेंब, पुन्हा विचारणं. आई म्हणाली, तुमची सापीण म्हातारी झाली, तिच्यात इख ऱ्हायलं न्हाय. अण्णांनाही ते खरं वाटलं. ज्योत बंद करून त्यांनी नळीचं तोंड तारेनं साफ केलं, डब्यातून गॅस भरला, आणि या वेळी चांगला वेळ पळी तापवली. तेलातून धूर निघालेला मला आतूनसुद्धा दिसला. त्यांनी धार सोडली. आईनं पाय आखडला नाही. अण्णांनी भेगा भरल्या, एकामागून एक, अगदी मन लावून. आई रज्जाकभाईंच्या भाचीच्या लग्नात आपण कुठलं लुगडं नेसणार ते सांगत होती. मग अण्णांनी एकदम धार थांबवली. मला वास आला. पाय भाजताना रविवारी यायचा तसला तो वास होता आणि त्या दिवशी रविवार नव्हता.

मी बाहेर आले तेव्हा अण्णांनी आईचा पाय दोन्ही हातांत धरला होता आणि ते टाचेकडं बघत होते. कातडी पांढरी पडून सुटली होती. आई वाकून बघायला लागली आणि तिनंच विचारलं, काय झालं. तिच्या तोंडावर दुखण्याचं काही नव्हतं. अण्णांनी पळी खाली ठेवली. ती लवंडली आणि तेल फरशीवर पसरून गोठलं. ते खरवडून काढायला मला पुढं दोन दिवस लागले.

आईनं त्यावर हळद भरली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या पहाटे तिची थपथप पुन्हा सुरू झाली. दुखत नाही तर दवाखाना कशाला, असं तिचं म्हणणं. अण्णा रोज दवाखान्यात चल म्हणायचे, ती रोज उद्या म्हणायची, आणि न दुखणाऱ्या पायावर दिवसभर उभी राहायची. फडकं ओलं राहायला लागलं. मग वास यायला लागला. एके दुपारी तापानं ती चुलीपुढंच बसल्या जागी कलंडली, तेव्हा रज्जाकभाईंनी रिक्षा काढली.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते आणि चांगले होते. त्यांनी फडकं सोडलं, पाहिलं, आणि हे भाजलं कशानं म्हणून विचारलं. अण्णा पुढं झाले. त्यांनी तोंड उघडायच्या आत आई खाटेवरून म्हणाली, "चुलीतला निखारा पडला वो. भाकरी करताना. मला कळलंच न्हाय."

"निखारा न्हाय," अण्णा म्हणाले. "मी तेल..."

"तुमी कामावर व्हता," आई म्हणाली. "तुमाला काय म्हाईत?"

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. बाहेरच्या बाकावर आल्यावर ते मला म्हणाले, "शोभे, तू व्हतीस की तितं. तू सांग त्यास्नी." मी आत जाऊन डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, निखारा असो की तेल, आता उपचार एकच आहे. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, नाहीतर विष अंगभर जाईल. मग त्यांनी आईला डोळे मिटायला सांगितले आणि चांगल्या, डाव्या पायाच्या तळव्याला टाचणीचं टोक टेकवलं. कुठं टोचलं ते सांगा म्हणाले. आई डोळे मिटून वाट बघत राहिली. ते टोचत होते आणि आई विचारत होती, कवा टोचनार? आम्ही दोघं समोर उभे होतो. साखरेनं दोन्ही पाय मुके केलेत, डॉक्टर म्हणाले. हाही पाय आता रोज डोळ्यांनी बघायचा, रोज साधं तेल चोळायचं. ऊब, शेक, गरम असं काही म्हणजे काही लावायचं नाही. अण्णांनी मान हलवली. बाकी काही त्यांना ऐकू गेलं असेल असं मला वाटत नाही.

ऑपरेशन झालं त्या दिवशी दत्तूमामा, म्हणजे आईचा भाऊ, गावाहून आला होता. वॉर्डातल्या माणसानं येऊन विचारलं की काढलेला पाय तुम्ही नेणार की आम्ही विल्हेवाट लावू. आम्हाला असं काही विचारतात हेच ठाऊक नव्हतं. दत्तूमामा म्हणाला, त्यांनाच करू दे. अण्णा उठले. "तिचा हाय," ते म्हणाले, "मी नेतो." नर्सनं कापसात गुंडाळून जोडवं माझ्या हातात दिलं आणि हिरव्या कापडातलं गाठोडं अण्णांच्या. ते आणि रज्जाकभाई रिक्षानं गेले. पुढं पुष्कळ वर्षांनी रज्जाकभाईंनी मला सांगितलं, की मिस्तरींनी गाठोडं सीटवर ठेवू दिलं नाही. तान्हं मूल धरतात तसं दोन्ही हातांवर धरून बसले होते. स्मशानातल्या माणसालाही याचा विधी ठाऊक नव्हता. शेवटी दोघांनीच कुंपणाच्या कडेला खड्डा खणला. रज्जाकभाईंनी डोक्यावर रुमाल बांधून त्यांना येत होतं ते म्हटलं. अण्णा नुसती माती लोटत राहिले.

शुद्धीवर आल्यावर आईनं आधी जोडव्याची चौकशी केली. मी कापूस उघडून दाखवलं. नवरा जिवंत असताना एक पाय गेला म्हणून एक जोडवं पेटीत टाकायचं, हे तिला पटेना. तिनं ते डाव्याच पायात, पहिल्या जोडव्याच्या शेजारच्या बोटात घालायला लावलं. नर्स हसली तेव्हा आई तिला म्हणाली, हसू नगं बाई, ह्या पायाला आता दोन पायांचं काम हाय.

घरी आल्यावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाला आई निखाऱ्याची गोष्ट सांगायची. सांगता सांगता तिनं ती पुरी रंगवली. कुठल्या बाजूनं लाकूड सरकलं, निखारा कसा उडाला, अण्णा कुठं होते, ती स्वतः कुठं होती. अण्णा दोनदा मध्ये बोलले, आणि दोन्ही वेळा तिनं त्यांना पाहुण्यांदेखत गप्प केलं, ह्यांचं डोस्कं ठिकाणावर न्हाय म्हणून. लोक अण्णांची समजूत काढायचे. तुम्ही किती केलंत हो तिचं, म्हणायचे. त्या बोलण्यानं माझे वडील दिवसेंदिवस वाळत गेले. आईला वाटायचं की ती त्यांना वाचवतेय. पण त्यांना कुणीतरी बोल लावायला हवा होता. कुणीच लावत नव्हतं, आणि जिनं लावायचा तीच पुढं उभी राहून सगळ्यांना अडवत होती. तेव्हा मला हे कळत नव्हतं. आता माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाल्यावर थोडं कळतं.

सापीण त्यांनी रज्जाकभाईंना परत नेऊन दिली. रज्जाकभाईंनी काही न विचारता ती घेतली. रविवारचे पाय आमच्या घरी पुन्हा शिजले नाहीत. आईची चूल मी धरली, पण माझ्या भाकरी जाड व्हायच्या, आणि खानावळीनं दुसरी बाई बघितली. आई कॉटवर बसून मला पिठात किती पाणी घालायचं ते सांगायची. अण्णा बाकी सगळं करत होते. आईला उचलून न्हाणीत नेत होते, तिच्यासाठी कुबड्यांच्या बुडाला टायरचं रबर बसवलं, उंबरा तासून सपाट केला. फक्त तिच्या पायाला ते हात लावत नव्हते. पांघरूण घालताना पाय उघडा दिसला तर मला हाक मारायचे. तेल चोळायची वेळ झाली, म्हणजे ते पूर्वी ज्या वेळी पाटावर बसायचे त्याच वेळी, ते चप्पल घालून बाहेर पडायचे आणि माझं काम आटपेपर्यंत रज्जाकभाईंच्या रिक्षात नुसतेच जाऊन बसायचे.

माझा निकाल लागला तेव्हा मी पहिल्या वर्गात पास झाले होते. अण्णांनी पेढे आणले. आईनं मला कॉटवर जवळ बसवून माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि दृष्ट काढायला मीठमोहऱ्या मागितल्या. मी पदवी घेतली त्या दिवसाचं लोक विचारतात, तेव्हा मला पेढ्याच्या पुड्याचा तो दोरा आठवतो, ज्याची गाठ अण्णांच्या हातांना सुटेना. ज्या हातांना मागाचा धागा अंधारातही सापडायचा, ते हात.

त्याच संध्याकाळी मी तेलाची वाटी घेऊन आईपाशी गेले, तर तिनं पाय चादरीत घेतला. "तू नगं," ती म्हणाली. "त्यास्नी बलीव."

अण्णा चप्पल घालत होते. ते दारातच थांबले.

"माझ्याच्यानं व्हनार न्हाय, कमल," ते म्हणाले.

"एकच ऱ्हायलाय," आई म्हणाली. "त्येचीबी शिसारी आली व्हय तुमाला?"

"तसं न्हाय गं."

"मग कसं हाय?"

पुढच्या खोलीत रज्जाकभाईंकडं रेडिओ लागला होता, तो कुणीतरी बंद केला. अण्णांनी चपला काढल्या, नळावर जाऊन हात धुतले, टॉवेलनं कोरडे केले आणि माझ्या हातातून वाटी घेतली. तेल साधं खोबऱ्याचं होतं. तरी त्यांनी आधी त्यात आपलं बोट बुडवलं, मग ते मनगटाला लावलं, मग ओठाला. कॉटशेजारी खाली बसले. आईनं चादरीतून पाय बाहेर काढला. दोन जोडवी एकमेकांवर वाजली. अण्णांनी तळहातावर तेल घेतलं आणि हात तिच्या टाचेवर ठेवला.

आईनं डोळे मिटले. तिच्या तोंडावर मी इतक्या महिन्यांत न पाहिलेलं काहीतरी आलं, हसू नाही म्हणता येणार, पण त्याच्या जवळचं.

"कळतोय," ती म्हणाली. "तुमचा हात कळतोय मला. ऊन हाय."

अण्णांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. डॉक्टरांची टाचणी आम्ही दोघांनीही पाहिली होती. त्यांनी अगदी हळू आपला हात तिच्या टाचेवरून उचलला आणि तसाच हवेत धरला. मला ओरडावंसं वाटलं, अण्णा, नका. आईचे डोळे मिटलेलेच होते.

"हां," आई म्हणाली. "असाच ऱ्हाऊ द्या जरा येळ."

तो तेलानं माखलेला हात तिच्या पायापासून वीतभर अंतरावर होता, आणि माझे वडील त्या हाताकडं बघत होते.

"ऱ्हाऊ देतो," अण्णा म्हणाले, आणि उचललेला हात परत तिच्या टाचेवर ठेवला.